पहिल्या पानाची बातमी

१

सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी मध्यवर्ती बँकेच्या समोर, गल्लीपलीकडे असलेल्या बँकेने आपल्याकडचा सगळा शिल्लक पैसा चौदा दिवसांसाठी दुसऱ्या बँकांना उसना देऊन टाकला. तोही चालू दरापेक्षा किंचित कमी व्याजाने. घेणाऱ्याने घासाघीस करत बसू नये, चटकन हो म्हणावं, अशा घाईने.

यात गुन्हा तो काय, असं कुणालाही वाटेल. मध्यवर्ती बँकेच्या दुसऱ्या मजल्यावर, पैशाच्या बाजारावर दिवसभर नजर ठेवणाऱ्या टेबलाच्या प्रमुखाला मात्र तसं वाटलं नाही. त्याने पडद्यावरची ती ओळ दोनदा वाचली, हातातला चहा खाली ठेवला आणि वहीत वेळ लिहून घेतली.

बरोबर बारा वाजता गव्हर्नर टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर बसले आणि त्यांनी जाहीर केलं: व्याजदर पाव टक्क्याने खाली. नवा दर पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून. पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत एक बाई तेच सगळं हातांच्या खुणांनी सांगत होत्या, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी.

प्रमुखाने पुढचं काही ऐकलं नाही. वही काखेत मारून तो तडक चौथ्या मजल्यावर गेला, दक्षता विभागात.

त्या विभागातल्या बाईंना सगळे दक्षताबाई म्हणायचे. त्यांचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठेच उरलं नव्हतं. लोकांच्या लग्नपत्रिकासुद्धा त्यांना याच नावाने यायच्या. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पेन्सिलींपासून तिजोरीच्या किल्ल्यांपर्यंत जे जे हरवलं ते शोधलं होतं.

"बातमी फुटली," प्रमुख दारातूनच म्हणाला.

"आधी बसा. आणि मला शाळेतल्या मुलीला सांगावं तसं सांगा. व्याजाचं मला घरच्या कुकरच्या हप्त्यापलीकडे कळत नाही."

प्रमुख बसला. "बघा, संध्याकाळी हिशेब बंद करताना एखाद्या बँकेकडे पैसे कमी पडतात, एखादीकडे उरतात. कमी पडलेली बँक दुसरीकडून एका रात्रीपुरते मागून घेते, सकाळी परत करते. त्या एका रात्रीचं व्याज, एवढंच आमच्या हातात असतं. आम्ही रोज सकाळी ठरवतो, आज बाजारात किती पैसा सोडायचा आणि किती ओढून घ्यायचा. सोडला की व्याज उतरतं, ओढला की चढतं. शिवाय आमचं दार उघडं असतंच. कुठेच मिळाले नाहीत तर आम्ही इतक्या दराने देऊ, उरले तर इतक्या दराने ठेवून घेऊ. मग त्या दोन दरांच्या बाहेर कोण कशाला जाईल?"

"आणि एका रात्रीचं व्याज हललं म्हणून कुणाचं काय हलणार?"

"सगळ्यांचंच. आधी रात्रीचं हलतं, मग महिन्याचं, मग वर्षाचं, मग घराच्या कर्जाचं. मग कुणी कारखानदार ठरवतो, नवं मशीन घ्यावं की वाट बघावी. म्हणून तर हा दर आम्ही बारा वाजेपर्यंत जिवापाड जपतो." त्याने वही पुढे सरकवली. "ही समोरची बँक आजवर कधी एका रात्रीपलीकडे गेलेली नाही. आज एकदम चौदा दिवस! दर उतरणार हे ठाऊक असलेला माणूसच आजच्या चढ्या दरात पैसा असा बांधून टाकेल."

"त्यांनी यात किती कमावले?"

"ते नंतर काढू हो. आधी कुलूप कसं उघडलं ते तर बघा."

दक्षताबाईंनी हो म्हटलं. पण तो प्रश्न त्यांनी वहीच्या समासात लिहून ठेवला, कारण उत्तर न मिळालेला प्रश्न त्यांना बुटातल्या खड्यासारखा टोचत राहायचा.

२

निर्णय झाला होता आदल्या दिवशी दुपारी. तेव्हापासून समितीचे सगळे सभासद सहाव्या मजल्यावरच्या पाहुण्यांच्या खोल्यांत मुक्कामाला होते, आणि त्यांचे फोन लोखंडी पेटीत. सभासद आणि कायद्याची भाषा तपासणारे कायदा अधिकारी सोडले, तर ही गोष्ट ठाऊक होती ती फक्त तिघांना.

पहिले समितीचे सचिव. त्यांना सगळी बँक मामा म्हणायची. त्याचं कारण असं, की त्यांचा भाचा लहानपणी शाळा सुटली की इथेच येऊन बसायचा आणि "मामा, मामा" करत फायलींच्या मधून पळायचा. बहीण गेल्यावर मामा-मामींनी त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला होता. आता तो तीस वर्षांचा होता, आणि समोरच्या बँकेत पैशाचे व्यवहार तोच करायचा. नऊ बाराचा व्यवहारही त्याचाच.

डेप्युटी गव्हर्नरांना तेवढं पुरेसं होतं. "सरळ गणित आहे," ते म्हणाले. "मामाला आत्ताच्या आत्ता घरी पाठवा."

"साहेब, मी आणि मामा बावीस वर्षं एका टेबलावर डबा खातो," दक्षताबाई म्हणाल्या. "हा तपास दुसऱ्या कुणाला द्या."

"दुसरं आहे कोण?"

खरंच कुणी नव्हतं. मामांची निवृत्ती तीन महिन्यांवर आली होती. ते दक्षताबाईंसमोर बसले तेव्हा त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र आधीच काढून, दोरी गुंडाळून टेबलावर ठेवलं होतं.

"भाचा तिथे आहे हे मी चार वर्षांपूर्वीच लेखी दिलंय, बाई."

"ठाऊक आहे. त्याच्याशी शेवटचं कधी बोललात?"

"परवा. त्याला बूट घ्यायचे होते, कुठले टिकतात विचारत होता." मामांनी मान वर केली. "तुम्हाला तरी वाटतं का हो?"

"मला काय वाटतं ते मी तपास संपल्यावर सांगते," त्या म्हणाल्या, आणि असं म्हणताना त्यांना मामांकडे बघवलं नाही. संध्याकाळी जेवायला काय आहे हेदेखील शेजाऱ्याला न सांगणारा हा माणूस. डेप्युटींचं गणित मात्र कागदावर चुकत नव्हतं.

दुसरा होता सांख्यिकी विभागातला एक तरुण अधिकारी. त्याला दशांश म्हणायचे, कारण तो कुठलाही आकडा पूर्ण करायचा नाही.

"मी आठ सत्तेचाळीसला पहिलं पान तपासून दिलं," तो म्हणाला. "दुसरं पान मात्र कायदा अधिकाऱ्यांकडे अडकलं. 'एक तारखेपासून' की 'एक तारखेला व तेव्हापासून', यावर त्यांनी तब्बल त्रेचाळीस मिनिटं घालवली! ते नऊ तीसला सुटलं."

"मधल्या वेळात तू कुठे होतास?"

"त्यांच्याच टेबलापाशी उभा. नऊ सहाला एकदा पाणी प्यायलो. अर्धा ग्लास. नाही, अर्ध्याहून थोडं जास्त."

कायदा अधिकाऱ्यांनी, वैतागत का होईना, ते खरं असल्याचं सांगितलं.

तिसऱ्या होत्या टीव्हीच्या चौकटीतल्या दुभाषी बाई. चाळिशीच्या, सावकाश बोलणाऱ्या. बोलताना त्या एक हात दुसऱ्यावर ठेवून बसायच्या, जणू हातांना गप्प करत होत्या. साडेआठला त्या आल्या, फोन पेटीत टाकला, झडती दिली आणि निवेदन हातात घेऊन खोलीत जाऊन बसल्या.

"नेहमीचीच खोली?"

"नाही. नेहमी ती आतली, बिनखिडकीची असते. तिथे एसी गळत होता, म्हणून या वेळी तिसऱ्या मजल्यावर गल्लीच्या बाजूची दिली. छान उजेड होता. मी एकटीच होते, सराव केला. टीव्हीवर सगळं थेट असतं, एकदा चुकलं की चुकलं."

दाराबाहेर बसलेल्या गार्डबाईंनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "बाई साडेअकरापर्यंत बाहेर आल्याच नाहीत. कुणी आत गेलं नाही, फक्त साडेनऊला एक कागद गेला. आतून साधा आवाजसुद्धा आला नाही हो. मला तर वाटलं, झोपल्या की काय."

दक्षताबाईंनी सगळं लिहून घेतलं. फोन नाही, चिठ्ठी नाही, आवाज नाही, माणूस नाही. आणि तरी बातमी गल्ली ओलांडून गेली होती.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ऑफिसात आल्या त्या थेट टेबलप्रमुखाकडे. समासातला प्रश्न रात्रभर टोचत होता.

"आता तरी सांगा, त्यांनी कमावले किती?"

प्रमुखाने कॅलक्युलेटर ओढला. "चौदा दिवस, पाव टक्का..."

"ते चौदा दिवस संपतात कधी?"

"काल सोळा तारीख होती. म्हणजे तीस तारखेला."

"आणि नवा दर?"

"एक तारखे..." प्रमुखाचं बोट बटणावरच राहिलं. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग दक्षताबाईंकडे, आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! आजवर दरवेळी नवा दर त्याच दिवशी लागू व्हायचा. एक तारखेचं हे पहिल्यांदाच. तीस तारखेपर्यंत जुनाच दर चालणार. म्हणजे त्यांनी कमावलं शून्य. उलट घाईत स्वस्तात दिले, तेवढं गमावलं. मी कसा इतका मूर्ख!"

"तुम्ही कुलूप बघत होतात. दर खाली येणार हे निवेदनाच्या कितव्या पानावर होतं?"

"पहिल्या."

"आणि एक तारीख?"

"दुसऱ्या."

दक्षताबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"मग बघा. मामांनी दोन्ही पानं स्वतः टाइप केली. त्यांनी भाच्याला सांगितलं असतं, तर एक तारखेचं आधी सांगितलं असतं. दशांश आणि कायदा अधिकारी तर त्या तारखेवरच त्रेचाळीस मिनिटं अडून होते. समितीने तारीख आदल्या दिवशीच ठरवली होती. या सगळ्यांना पूर्ण निर्णय ठाऊक होता. ज्याच्याकडून ही बातमी फुटली, त्याच्याकडे नऊ बाराला फक्त पहिलं पान होतं."

प्रमुखाने कॅलक्युलेटर बाजूला सारला. "असं माणूस तर एकच आहे. दुसरा कागद जिच्याकडे साडेनऊला गेला, ती."

होय, एकच. मामा सुटत होते, आणि त्यांच्या जागी एक गरीब स्वभावाची बाई उभी राहत होती, जिच्याकडे ना फोन होता ना समोरच्या बँकेत कुणी ओळखीचं.

डेप्युटी हे ऐकून म्हणाले, "मग तिला पकडा. चार वाजेपर्यंत मला कबुली हवी."

"साहेब, कुणी केलं एवढ्याने भागत नाही. कसं केलं ते मला कळलेलं नाही."

"ते तीच सांगेल."

दक्षताबाईंनी घड्याळ पाहिलं. साडेअकरा. त्यांनी आपल्या मदतनीस मुलीला बोलावलं. "दुभाषी बाईंना घेऊन त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत जा. काल तिथे त्यांनी मिनिटामिनिटाला काय काय केलं, ते करून दाखवायला सांग. दरडावू नकोस. मी गल्लीपलीकडे जाऊन येते."

४

गल्ली इतकी अरुंद होती, की दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागायचं. समोरच्या बँकेच्या तिसऱ्या मजल्यावर भाच्याचं टेबल होतं. पडद्यांची रांग, दोन फोन आणि टेबलाखाली कोरे करकरीत बूट.

"अंदाज होता," भाचा म्हणाला. "बाजारात सगळेच अंदाज बांधतात, मॅडम."

"चार वर्षं तुमचा अंदाज एका रात्रीपलीकडे गेला नाही. काल एकदम चौदा दिवस गेला?"

"वाटलं तसं."

"तुमच्या मामांना काल घरी पाठवलंय, ठाऊक आहे?"

त्याने मान खाली घातली. "मामीचा फोन आला होता."

"मग?"

"मामांनी मला काही सांगितलं नाही. आईची शपथ."

"ते मला ठाऊक आहे," दक्षताबाई म्हणाल्या. "ते काल रात्री जेवले नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे का?"

भाच्याने टेबलाखालचे पाय मागे घेतले. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हा पोरगा खोटं बोलत नव्हता. तो फक्त अर्धं सांगत होता.

त्याला जरा वेळ मिळावा म्हणून दक्षताबाई उठून खिडकीशी गेल्या. बरोबर समोर, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, त्यांच्याच बँकेची तिसऱ्या मजल्यावरची खिडकी होती. आत मदतनीस मुलगी वही घेऊन उभी होती. आणि दुभाषी बाई, खिडकीकडे तोंड करून, कॅमेरा समोर असल्यासारख्या ताठ उभ्या राहून हात हलवत होत्या. बोटं उघडत होती, मिटत होती, तळहात पायरीपायरीने खाली येत होता. भुवया वर जात होत्या, ओठ हलत होते. चेहरा तर इतका बोलका झाला होता, की काल टेबलापलीकडे हात दाबून बसलेली बाई ती हीच का, असा प्रश्न पडावा.

दक्षताबाईंना त्यातलं अवाक्षर कळलं नाही.

त्या तशाच उभ्या राहिल्या. आतून आवाजसुद्धा आला नाही, गार्डबाई म्हणाल्या होत्या. कसा येईल? या बाईंनी सराव केला तो असा. त्यांनी निवेदनाचं पहिलं पान, भर उजेडात, गल्लीकडे तोंड करून, अख्खंच्या अख्खं बोलून दाखवलं होतं.

मला कळलं नाही, दक्षताबाईंच्या मनात आलं. पण ज्याला कळतं असं कुणी या खोलीत असेल तर?

त्या सावकाश वळल्या. खिडकीला लागून, भाच्याच्या पाठीमागे एक लहान टेबल होतं. त्यावर पावत्यांचे गठ्ठे होते, आणि गठ्ठ्यांमागे पस्तिशीचा एक माणूस बसला होता. मघापासून त्याची कुणी ओळख करून दिली नव्हती. तो पावत्या बघत नव्हता. दक्षताबाईंच्या खांद्यावरून तो समोरच्या खिडकीकडे बघत होता, आणि हसत होता.

५

"हे कोण?" दक्षताबाईंनी विचारलं.

"तो? तो म्यूट," भाचा म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर ओशाळला. "म्हणजे... त्याला ऐकू येत नाही. पावत्या जुळवतो. कामाला एकदम चोख आहे."

"तुमच्यापैकी कुणाला त्यांची खुणांची भाषा येते?"

"नाही. काही लागलं तर लिहून देतो तो."

त्या माणसाच्या टेबलावर एक लहान वही होती. दक्षताबाईंनी ती मागून घेतली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, *समोरच्या बाई काय सांगत आहेत?*

त्याने एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. एखाद्याच्या दाराची कडी फार दिवसांनी वाजावी तसा त्याचा चेहरा उजळला. तो भराभर लिहू लागला. *व्याजदर पाव टक्क्याने कमी. कालचंच परत सांगत आहेत. टीव्हीवर सांगतात त्या याच. मी दरवेळी बघतो.*

*काल सकाळी पाहिलंत?*

*हो. नऊच्या सुमारास. मी हातही केला. त्यांचं लक्ष नव्हतं.*

*मग कुणाला सांगितलंत?*

त्याने मान वर केली आणि निरागसपणे भाच्याकडे बोट दाखवलं. मग वहीची मागची पानं उलटून एक पान पुढे केलं. वर त्याचं अक्षर होतं: *आज दर पाव टक्क्याने खाली. समोर सांगत आहेत.* खाली घाईत खरडलेलं दुसऱ्याचं अक्षर: *नक्की?* आणि त्याखाली पुन्हा त्याचं: *नक्की.*

भाच्याने ते पान उलटायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"आता सांग," दक्षताबाई म्हणाल्या. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

"तीन वर्षांत त्याने स्वतःहून मला पहिल्यांदाच काही सांगितलं होतं," भाचा म्हणाला. "मी आधी हसलो. मग खिडकीत पाहिलं. वाटलं, खरं असलं तर? एकदा तरी साहेब म्हणतील, पोरगा हुशार आहे. पाच मिनिटांत करून टाकलं. दुपारी तारीख ऐकली तेव्हा पायाखालची जमीन सरकली."

"आणि संध्याकाळी मामांचं कळलं तेव्हा?"

"सांगितलं असतं तर याची नोकरी गेली असती, माझीही गेली असती. म्हटलं, मामांनी काही केलंच नाहीये, तर ते आपोआप सुटतील."

"आपोआप कुणी सुटत नसतं रे," दक्षताबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणीतरी खरं बोलावं लागतं."

६

रीतसर जबाब दुपारी झाला. दुभाषी बाई स्वतःच प्रकरणात होत्या, म्हणून दक्षताबाईंनी कर्णबधिर मुलांच्या शाळेतून एका वयस्कर शिक्षकांना बोलावलं. पावत्यावाल्याच्या हातांना त्यांनी आवाज दिला.

"मला गुपित वाटलंच नाही. खिडकीत उभं राहून, गल्लीकडे तोंड करून कुणी गुपित सांगतं का? मला वाटलं, या वेळी आधी आमच्या लोकांना सांगत आहेत." त्याने आपल्या बँकेच्या दिशेने बोट केलं. "ऑफिसात सगळ्यांना सगळं आधी कळतं. कोण आजारी आहे, कुणाला मुलगी झाली, पार्टी कुठे आहे. मला शेवटी कळतं, नाहीतर कळतच नाही. काल पहिल्यांदाच मला आधी कळलं होतं, म्हणून मी सांगितलं. मामांना घरी पाठवलं हेही मला आत्ताच कळतंय. कालच कुणी विचारलं असतं, तर कालच सांगितलं असतं."

दुभाषी बाई दाराशी बसून होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

चार वाजता गव्हर्नरांच्या खोलीत डेप्युटींनी विचारलं, "म्हणजे गुन्हेगार कोण? ती बाई की तो बहिरा?"

"दोघंही नाहीत," दक्षताबाई म्हणाल्या. "आपण फोन पेटीत टाकले, झडती घेतली, दारावर पहारा बसवला. आणि एका माणसाला भर उजेडात, उघड्या खिडकीशी बोलू दिलं, कारण हातांनी बोललेलं आपण बोलणं धरलंच नाही. हे कलम मी अहवालात पहिलं लिहिणार आहे, आणि जबाबदारीच्या रकान्यात आपल्याच बँकेचं नाव घालणार आहे. माझ्यासकट. बाई 'सराव केला' म्हणाल्या, मी ते लिहूनही घेतलं, आणि कसा केला ते विचारलं नाही."

गव्हर्नरांनी टेबलावरची ती लहान वही जवळ ओढली. "आणि भाचा?"

"त्याने जे वाचलं त्यावर व्यवहार करायला नको होता, आणि मामांवर आलं तेव्हा गप्प बसायला नको होतं. त्याचं त्याला भोगावं लागेल."

भाच्याला वर्षभर व्यवहाराच्या टेबलावरून उठवलं. चौदा दिवसांचा व्यवहार त्याच्या बँकेने हात जोडून मोडला आणि दंड भरला. पावत्यावाल्याच्या केसाला धक्का लागला नाही. गव्हर्नरांनी समोरच्या बँकेच्या अध्यक्षांना स्वतः फोन केला होता, एवढंच बाहेर कळलं.

मामांकडे दक्षताबाई स्वतः गेल्या, ओळखपत्र घेऊन. सगळं सांगितलं. मामींनी डोळ्यांना पदर लावला.

मामांनी विचारलं, "माझ्यावर संशय आहे हे त्याला माहीत होतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "होतं," त्या म्हणाल्या. "रात्रभर माहीत होतं."

मामा ओळखपत्राची दोरी बोटांना गुंडाळत राहिले, सोडवत राहिले. बाहेर जिन्यावर कुणीतरी मघापासून उभं होतं. वर येत नव्हतं, जातही नव्हतं. दाराच्या फटीतून कोरे बूट दिसत होते.

"त्याला म्हणावं, आत ये," मामा शेवटी म्हणाले. "रागवायचं तर मला समोर बसवून रागवायचंय."

७

पुढच्या निर्णयाला दीड महिना होता. त्याआधी एका दुपारी मध्यवर्ती बँकेच्या आतल्या, बिनखिडकीच्या खोलीत पाच जण जमले: दुभाषी बाई, पावत्यावाला, शाळेतले शिक्षक, टेबलप्रमुख आणि दक्षताबाई. बोलावलं होतं पावत्यावाल्यानेच. त्याची एक तक्रार होती.

"तुम्ही एका रात्रीच्या व्याजदराला 'रात्र' आणि 'व्याज' अशा दोन खुणा करता," तो दुभाषी बाईंना हातांनी म्हणाला, आणि शिक्षकांनी ते बाकीच्यांना सांगितलं. "माझ्या बायकोला चार वर्षं वाटतंय, की रात्री पैसे काढले तर बँक जास्त व्याज लावते. ती संध्याकाळी सातनंतर एटीएमला जात नाही."

प्रमुख खो खो हसला. दुभाषी बाई आधी लाजल्या, मग त्याही हसल्या. "या शब्दाला खूणच नाही हो. मी जुळवून घेतली होती."

"मग आपण करू. आधी ते असतं काय ते नीट सांगा."

प्रमुखाने सांगितलं. कमी पडलेली बँक, उरलेली बँक, सकाळी परतफेड, दाराशी उभी असलेली मध्यवर्ती बँक. पावत्यावाला शिक्षकांच्या हातांकडे टक लावून बघत होता. मधेच थांबवून त्याने दोन प्रश्न विचारले, आणि दुसऱ्यावर प्रमुखाला विचार करावा लागला. मग तो आणि दुभाषी बाई समोरासमोर बसले. पाऊण तास त्यांचे हात चालले होते. कधी त्या मान हलवायच्या, कधी तो त्यांची बोटं खाली करायचा. एकदा दोघांचं चांगलंच वाजलं, आणि त्या भांडणात खोलीत टाचणी पडल्याचाही आवाज झाला नाही.

शेवटी ठरलं. उजव्या हाताने डाव्या तळव्यावर काहीतरी ठेवायचं. डावी मूठ मिटायची, तिच्यावर क्षणभर गाल टेकायचा, झोपल्यासारखा. मग मूठ उघडून ठेवलेलं उजव्या हाताला परत द्यायचं, आणि वर थोडं जास्तीचं म्हणून करंगळीचं टोक टेकवायचं.

"अरे, हेच ते!" प्रमुख उठून उभा राहिला. "नवीन मुलांना हे समजावायला मला अर्धा तास लागतो."

दक्षताबाईंनीही करून पाहिलं. ठेवलं, मूठ मिटली, गाल टेकला, परत दिलं. मोठ्या ऐटीत त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं.

पावत्यावाल्याने गंभीरपणे मान हलवली, वही ओढली आणि लिहून त्यांच्यापुढे धरलं: *मुद्दल परत केलंत. व्याज राहिलं.*